ओळ उचलायला माणूस हवं

डॉर्कसमावशी ब्लायजनला वाचता येतं, हे साऱ्या हेरन बेटाला ठाऊक होतं. पटत नव्हतं ते फक्त पुलापलीकडच्या ॲशबी गावच्या कचेरीतल्या पेगस साहेबाला.

पेगस साहेबाकडे मतदारांच्या यादीत नावं घालायचं काम होतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याचं दार उघडायचं. गोरा माणूस आत गेला की टोपी हातात धरूनच बाहेर यायचा, इतक्या झटपट त्याचं काम व्हायचं. बेटावरचं काळं माणूस गेलं की साहेब कपाटातून राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक काढी, मनाला येईल ते पान उघडी आणि कलमावर बोट ठेवून म्हणे, वाच. वाचता आलं तर नाव लागायचं, नाही तर पुन्हा पुढच्या महिन्यात.

डॉर्कसमावशी थंडीत दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा रविवारची निळी टोपी घालून, हातमोजे चढवून गेली. दोन्ही वेळा पहिलं वाक्य घंटेसारखं खणखणीत वाचलं आणि थांबली. मान वर करून साहेबाकडे बघत राहिली. साहेबानं पेन्सिल टेबलावर आपटली, घड्याळाकडे पाहिलं, "पुढं?" म्हणाला. मावशीच्या तोंडून पुढचा शब्द काही फुटला नाही. समोर अक्षरं दिसत होती, ओळखीची होती, पण जिभेला जणू कुणी धरून ठेवलं होतं.

"शिकून ये, डॉर्कस," असं म्हणून साहेबानं पुस्तक मिटलं. त्याच्या आईच्या वयाची बाई, पण त्याच्या तोंडी ती नुसती डॉर्कस.

बेटावर बोलणी सुरू झाली. नवं लग्न झालेली ल्युव्हिनिया तान्ह्या लेकराला मांडीवर थोपटत म्हणाली, की मावशीलाच परत पाठवतात तर आपण कोण लागून गेलो. तिचं ऐकून आणखी चौघं मागं सरली. जूनमध्ये निवडणूक होती. परगण्याच्या कारभारासाठी उभ्या राहिलेल्यांत यंदा एक जण बेटावरच्या मुलांसाठी शाळेची गाडी सोडायला तयार होता. बाकीच्यांच्या मते ती पोरं पुलापर्यंत चिखल तुडवत गेल्यानं काटक होत होती. जूनसाठी नाव घालायला मार्चचा पहिला सोमवार तेवढा उरला होता, त्यानंतरची नावं नोव्हेंबरच्या निवडणुकीत धरत. मावशी पुन्हा तशीच परत आली, तर तिच्या मागची माणसंही घरीच बसणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आता ही डॉर्कसमावशी कोण, ते सांगायला हवं. प्रार्थनाघरात ओळ देणारी बाई ती. जुन्या काळी बेटावर भजनाचं पुस्तक एखादंच असे आणि ते वाचणारं माणूस त्याहून दुर्मीळ. म्हणून एकानं ओळ द्यायची, साध्या बोलण्यासारखी, झरझर. आणि सगळ्यांनी ती उचलायची, संथ, लांबवत, एकेका शब्दाला हेलकावे देत. भरतीचं पाणी खाडीत शिरतं तसा तो सूर भिंतीभिंतीतून भरत जाई. तो ओसरला की पुढची ओळ द्यायची. मावशीच्या आजीनं हे केलं, आईनं केलं, आणि तरुणपणापासून आजवर मावशी करत आली. रेव्हरंड टॉलिव्हरांचं प्रवचन रंगायचं तेही तिच्या ओळींनी जमीन भिजवल्यावरच. रेव्हरंड सुरुवातीला शेजाऱ्याशी बोलावं तसे बोलत. मग बोलता बोलता वाक्याच्या शेपटीला सूर फुटे, मग सूर वाक्यभर पसरे, आणि शेवटी बायबलातला मोशे लोकांना वाट करून द्यायला समुद्र दुभंगायला लागला की रेव्हरंड बोलतायत की गातायत हे कुणी विचारायच्या अवस्थेत नसे. म्हातारे पायानं फळी ठोकत, बाया डोळे पुसत, आणि मावशी डुलत म्हणे, "सांगा, सांगा." ज्यानं ते एकदा ऐकलं त्याचा आठवडा सुखाचा जाई.

वाचायला ती शिकली भाचीकडून. व्हर्डेल ही तिच्या भावाची मुलगी, कपडे शिवायची. शहरात राहून आली होती आणि येताना डोक्यात एक किडा घेऊन आली होती. सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी वर्ग सुरू केला. सत्तरीचा एसॉ, जो जन्मभर खाडीत कालवं काढत आला, तो यायचा, ल्युव्हिनिया यायची, कामावरून परतलेले गडी यायचे. ज्या बायांना पोरं ठेवायला जागा नव्हती त्या पोरांना घेऊन येत, आणि पोरं जमिनीवर बसून मोठ्यांच्या आधी उत्तरं देत. परगण्याच्या पोलिसांचा मुख्य, शेरीफ, कोण निवडतं? लोक. न्यायाधीशाशेजारी बारा माणसं बसतात ती कोण? आपल्यासारखी माणसं. आपल्यासारखी म्हणजे काळी? इथं मात्र व्हर्डेल जपून म्हणे, नाव लागलं म्हणजे काळीही.

एकदा तिनं जुनी गोष्ट सांगितली. गुलामगिरी संपल्यावर याच बेटांवरच्या आपल्या पणजोबांनी मतं दिली होती, त्यातले काही राज्याच्या सभेत जाऊन बसलेही होते. मग राज्य पुन्हा जुन्या मालकांच्या हाती गेलं आणि त्यांनी नवी घटना लिहिली. त्यात वाचून दाखवायची अट घातली, ती याच लोकांना बाहेर ठेवायला. एसॉनं डोकं खाजवलं.

"म्हणजे ज्या पुस्तकानं दाराला कडी घातली, तेच पुस्तक वाचून कडी काढायची?"

"तेच, एसॉकाका."

"बरंय. निदान कुलूप कुठंय ते तरी कळलं."

त्या पुस्तकातली भाषा वकिली, एकेक वाक्य कोळ्याच्या दोरासारखं लांब. थकून आलेल्या माणसांच्या डोक्यात ते शिरेना. तेव्हा व्हर्डेलला युक्ती सुचली, म्हणजे सुचायची काय गरज होती, ती त्याच प्रार्थनाघरात वाढलेली. वर्गात एकानं उभं राहून वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी ते उचलायचं. मग काय, राज्यघटनेला चाल लागली. कर आणि कोर्टकचेऱ्यांची कलमं अशा सुरात घुमायला लागली, की पुढच्या दुकानात मीठ घ्यायला आलेली माणसं टोपी काढून उभी राहत. वाचायला मावशी उभी राहिली की खोली तुडुंब भरे. ती अडत नसे, चुकत नसे. म्हणून ती ॲशबीहून दोनदा तशीच परत आली तेव्हा व्हर्डेलला कोडंच पडलं.

कोडं सुटलं ते फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी. ओहोटी मोठी होती, सगळी कालवांवर गेली होती. वर्गात मावशी आणि व्हर्डेल, दोघीच. मावशीनं कलम उघडलं, पहिलं वाक्य वाचलं आणि थांबली. व्हर्डेल सुईत दोरा ओवत होती. तिनं ओवला, गाठ मारली, तरी मावशी गप्पच.

"आत्या, थांबलीस का?"

"तू उचलत नाहीस म्हणून," मावशी म्हणाली.

आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. आधी व्हर्डेलला हसू फुटलं, मग मावशीला, आणि दोघी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. इतक्या वर्षांत मावशीनं दिलेली ओळ उचलली गेल्याशिवाय पुढची ओळ कधी दिलीच नव्हती. दिलीच नव्हती तर येणार कशी? पेगस साहेबाच्या खोलीत तिनं ओळ दिली होती आणि साहेब नुसता बसला होता, पेन्सिल घेऊन.

हसणं संपल्यावर व्हर्डेलचा चेहरा उतरला. सगळ्यांना मीच असं शिकवलंय, ती म्हणाली. उद्या ती सगळीही जाऊन अशीच थांबली तर? मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की अडलं आहे ते माझं, तुझं नव्हे. मी एकटीनं वाचायची सवय करते.

मग तिनं सवय करायला घेतली. सकाळी चुलीला वाचून दाखवलं. दुपारी खळ्यात उभी राहून कोंबड्यांना कर आकारणीचं कलम ऐकवलं. कोंबड्या वाक्याच्या शेवटी नेमानं कुकुकु करत आणि मावशी निर्धास्तपणे पुढचं वाक्य घेई. मग ध्यानात आलं की हे काही एकटीनं वाचणं नव्हे.

शेवटी ती रेव्हरंडांकडे गेली. त्यांनी भाताचं ताट बाजूला सारून सगळं ऐकून घेतलं आणि मनापासून म्हणाले, की सिस्टर, माणूस नसला तरी देव ओळ उचलतोच, त्याच्यावर सोड.

"उचलतो, रेव्हरंड, मी कुठं नाही म्हणते? पण मला ऐकू यायला हवं ना."

रेव्हरंडांनी हळूच कबूल केलं, की एकदा शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये ते प्रवचनाला गेले होते. तिथली माणसं सभ्य, हात मांडीवर ठेवून ऐकणारी. कुणी 'हो' म्हणेना, कुणी 'सांगा' म्हणेना. मोशे समुद्रापाशी पोचला आणि तिथंच उभा राहिला. समुद्र काही दुभंगेना. घाम पुसत आमेन म्हणून ते खाली बसले होते. तेव्हा या बाबतीत माझा सल्ला फारसा धरू नकोस, असं सांगून त्यांनी तिच्यापुढं रताळ्याची वडी ठेवली. मावशीला सल्ला मिळाला नाही, पण जीव हलका झाला.

मार्चचा पहिला सोमवार उजाडला. एसॉच्या माल वाहायच्या गाडीत बाकं टाकून सगळे निघाले. येणार नाही म्हणणारी ल्युव्हिनियाही लेकराला सासूकडे ठेवून आली. मावशी जातेय ना, मग बघते तरी, म्हणाली. व्हर्डेलला मात्र शिवणाचं काम होतं. खरं म्हणजे तिला पाहवणार नव्हतं.

कचेरीच्या व्हरांड्यात एक लांब बाक आणि लोखंडी शेगडी होती. शेगडी बाहेर, खोली आत, म्हणून पेगस साहेब थंडीत दार उघडं ठेवी. लावलं की आत गारठा. मंडळी बाकावर दाटीवाटीनं बसली. पहिला नंबर मावशीचा.

"परत आलीस?" साहेब म्हणाला.

"आले, साहेब."

त्यानं पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं ते नेमकं कर आकारणीच्या कलमावर. कोंबड्यांना पाठ झालेलं. मावशीनं चष्मा चढवला, देवाचं नाव घेतलं आणि पहिलं वाक्य वाचलं. स्वच्छ, सरळ. आणि थांबली.

तिनं स्वतःला बजावलं, वाच, बाई, वाच. पुढचा शब्द डोळ्यांपुढं होता. घसा मात्र कान होऊन बसला होता. पेन्सिल टेबलावर एकदा आपटली. दुसऱ्यांदा आपटली. दोनदा झालं तेच तिसऱ्यांदा होणार, हे मावशीला दिसायला लागलं.

तेवढ्यात व्हरांड्यातून हुंकार आला.

तो एसॉचा होता. त्याच्या मनात काही नव्हतं, तो शेगडीपाशी हात शेकत आपल्या होडीच्या फुटक्या फळीचा विचार करत होता. पण डॉर्कस ब्लायजननं ओळ दिली आणि ती तशीच हवेत राहिली, असं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याचा गळा आपसूक हलला. मिटल्या ओठांनी, खोल, संथ असा तो हुंकार निघाला, दुसऱ्यानं धरला, मग ल्युव्हिनियानं वरच्या सुरात धरला, आणि अख्खं बाक मंद घुमायला लागलं.

मावशीच्या जिभेवरचं कुलूप निखळून पडलं. तिनं दुसरं वाक्य वाचलं.

साहेब उठून दारात आला. "कोण बोललं? वाचताना बोलायचं नाही."

"कुणीच नाही बोललं, साहेब," एसॉ म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

साहेबानं बाकाकडे पाहिलं. सगळ्यांचे ओठ मिटलेले, हात मांडीवर, चेहरे प्रार्थनाघरातल्यासारखे शांत. हुंकाराला मनाई करणारं कलम त्या जाड पुस्तकात कुठं असेल तर ते त्याला आठवलं नाही. तो येऊन बसला. मावशीनं तिसरं वाक्य वाचलं, व्हरांड्यानं ते उचललं, आणि कलम संपलं.

"हे तू पाठ केलंयस," साहेब म्हणाला. त्यानं पानांचा गठ्ठा उलटला आणि कुठं तरी मागं बोट ठेवलं. "हे वाच."

हे पान मावशीनं कधी पाहिलं नव्हतं. व्हर्डेलच्या वर्गात इथवर कुणी पोचलं नव्हतं. अक्षरं ओहोटीच्या चिखलातल्या खेकड्यांसारखी इकडंतिकडं पळाली. तिनं नजर स्थिर केली. एक शब्द ओळखीचा लागला, पाणी. त्याला धरून तिनं मागचा शब्द ओढला, पुढचा ओढला. राज्यातल्या, होडी चालेल अशा, सगळ्या पाण्याच्या वाटा... ती हळू वाचत होती, कोंबड्यांना वाचायची तशी नव्हे, अंधारात पायरी चाचपावी तशी. सदासर्वकाळ, सार्वजनिक रस्ते म्हणून, नागरिकांना मोकळ्या राहतील.

बाहेर क्षणभर शांतता झाली. ही ओळ नवी होती, कुणाच्या कानावरून गेलेली नव्हती. पण ओळ उचलायला ती आधी ठाऊक असावी लागत नाही. आजीच्या वेळेपासूनचा रिवाजच तो, देणाऱ्यानं द्यायची आणि घेणाऱ्यांनी विश्वासानं घ्यायची. हुंकार आला. आधीपेक्षा मोठा आला.

मावशी पुढं सरकली. त्यांवर कर नाही. मग एक अवघड शब्द आला. तिनं तो मोडून मोडून वाचला, अर्धा गिळला, परत मागं गेली आणि पुरा केला. जकात नाही.

व्हरांड्यातलं बाक करकरलं. एसॉ दारात उभा होता, टोपी छातीशी धरून. सगळं आयुष्य त्यानं त्या पाण्यावर काढलं होतं, आणि सगळं आयुष्य कुणी ना कुणी गोरा माणूस काठावरून ओरडून त्याला सांगत आला होता, की ही खाडी माझी, होडी फिरव.

"साहेब, राग मानू नका," तो म्हणाला. "ते पाण्याचं तेवढं परत एकदा वाचायला सांगा ना तिला."

पेगस साहेबाचे कान लाल झाले. त्यानं मावशीकडे पाहिलं, एसॉकडे पाहिलं, मागं वाकून बघणाऱ्या बाकीच्यांकडे पाहिलं. बाईनं वाचलं होतं, आणि एवढ्या माणसांनी ते ऐकलं होतं. त्यानं दौत पुढं ओढली.

"सही करता येते का?"

"येते, साहेब."

तिनं सही केली. डॉर्कस ब्लायजन, सगळी अक्षरं एका रेषेत. साहेबानं प्रमाणपत्राचा कागद तिच्याकडे न बघता सरकवला. मावशीनं तो घडी न घालता बरोबर आणलेल्या बायबलमध्ये ठेवला आणि बाहेर येऊन ल्युव्हिनियाची जागा घेतली, म्हणजे ल्युव्हिनियाला आत जावं लागलं.

त्या दिवशी ल्युव्हिनियाचं नाव लागलं, दोघा गड्यांचं लागलं. एसॉचं मात्र नाही. इतक्या धांदलीत त्याचा चष्मा गाडीतल्या खोक्यात राहिला आणि साहेबानं तो आणायला सोडलं नाही. परतताना त्याची जी थट्टा झाली ती काही विचारू नका. ल्युव्हिनिया म्हणाली, एसॉकाकाला कायदा असा आवडला की डोळे मिटूनच ऐकावासा वाटला. एसॉ गाडी हाकत हसत होता. पुलावर आल्यावर त्यानं मावशीला सांगितलं, बहिणी, दे आता. आणि तिनं पाण्याचं कलम दिलं. या खेपेला ओठ उघडे होते. कर नाही, जकात नाही, हे पुलाखालच्या भरतीनं ऐकलं, बगळ्यांनी ऐकलं, आणि दारात शिवण टाकून उभ्या असलेल्या व्हर्डेलनं दुरूनच ऐकलं. निरोप सांगायला कुणाला पळावं लागलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी एसॉ पुन्हा निघाला. जून हुकला होता, पण नोव्हेंबरसाठी चालणार होतं. चष्मा त्यानं दोरीनं गळ्यात बांधला होता. त्याच्याबरोबर नवी माणसंही होती, मागं सरलेली ती चौघं. आणि डॉर्कसमावशी होती, निळ्या टोपीत, मांडीवर गवताची अर्धी विणलेली टोपली घेऊन. दिवस उबेचे आले होते, शेगडी थंड होती; तरी दार उघडंच होतं, आता वाऱ्यासाठी.

साहेबानं तिला बाकावर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुझं झालं ना? आता इथं काय काम?"

"काही नाही, साहेब. बसलेय," मावशी म्हणाली आणि टोपलीचा पुढचा फेर विणायला घेतला.

आत एसॉनं घसा खाकरला, पुस्तक नाकाशी धरलं आणि पहिलं वाक्य वाचलं.